काळोखांतील साक्ष : नटी नलिनी जयवंत

चित्रपट पाहणें ही गोष्ट आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून आतां निषिद्ध राहिलेली नाहीं. आजोबा, सुना व नातवंडें एकाच दिवाणखान्यांत बसून जुने बोलपट पाहतात, गाण्यांना माना डोलावतात आणि प्रसंगीं डोळेही टिपतात. परंतु जिच्या मुद्रेकडे पाहून आपण डोळे टिपले ती बाई कोण होती, कोणत्या घरांतून आली, आणि तिचा शेवट कसा झाला, हा प्रश्न त्या दिवाणखान्यांत क्वचितच विचारला जातो. पडद्यावरील सीतेची तसबीर देवघराशेजारीं लावावयास आपण तयार होतों. पडद्यावरील नायकिणीचें नांवही लक्षांत ठेवीत नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें जें चरित्र ठेवीत आहों तें अशाच एका थोर नटीचें, श्रीमती नलिनी जयवंत यांचें आहे.

नलिनीबाईंचा जन्म १८ फेब्रुवारी १९२६ रोजीं मुंबईस एका मराठी कुटुंबांत झाला. वडील जकात खात्यांत नोकरीस होते. वडिलांच्या भगिनी रतनबाई यांची कन्या म्हणजे श्रीमती शोभना समर्थ. अर्थात् शोभनाबाई या नलिनीबाईंच्या आतेबहीण, आणि नूतन व तनुजा या नात्यानें भाच्या. हें नातें आम्ही केवळ कौतुकासाठीं सांगत नाहीं. १९४३ सालीं विजय भट्ट यांच्या 'रामराज्य' चित्रपटांत शोभनाबाई सीता झाल्या, आणि पुढें कित्येक वर्षें दिनदर्शिकांवरून त्यांची ती मूर्ति घरोघर पोंचली. त्याच घराण्यांतील दुसऱ्या कन्येच्या वांट्यास जीं कामें आलीं, त्यांतील गाजलेलीं कामें हेर स्त्रीचीं, भटक्या नर्तकीचीं आणि नायकिणीचीं होतीं. एकीच्या चित्रासमोर हात जोडले गेले. दुसरीच्या कामास टाळ्या पडल्या. हात जोडणें आणि टाळ्या वाजविणें यांत जें अंतर आहे, तेंच या लेखाचें सूत्र होय.

नलिनीबाईंचें सर्वांत मोलाचें काम ज्या जातीच्या चित्रपटांत झालें, तिची थोडी ओळख येथें करून दिली पाहिजे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, युद्धकाळांत फ्रान्समध्यें न पोंचलेले अमेरिकन चित्रपट तेथील टीकाकारांस एकदम पाहावयास मिळाले. त्यांपैकीं कांहींत त्यांना एक नवीनच रंग आढळला, व १९४६ सालीं त्यांनीं त्यास 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असें नांव दिलें. आम्ही त्यास काळोखाचा चित्रपट म्हणूं. रात्रीचें शहर, ओला रस्ता, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडलेली उजेडाची चिरफाळ, एक गुन्हा, त्या गुन्ह्यांत गुरफटलेला एक सामान्य मनुष्य, आणि एक स्त्री, एवढी त्याची सामग्री. ही स्त्री पतिव्रताही नसते आणि राक्षसीणही नसते. ती कांहीं जाणते, कांहीं लपविते, आणि कथेची किल्ली बहुधा तिच्याच हातीं असते. १९४४ च्या 'डबल इंडेम्निटी'मधील बार्बरा स्टॅनविक किंवा १९४६ च्या 'गिल्डा'मधील रीटा हेवर्थ या अशा भूमिकांमुळें जगभर गाजल्या.

हा काळोख हिंदुस्थानांत अमेरिकेची नक्कल म्हणून आला, असें पुष्कळांस वाटतें. तें पुरतें खरें नव्हे. छाया व प्रकाश यांच्या द्वंद्वांतून मनाची अवस्था दाखविण्याची विद्या प्रथम जर्मनीच्या मूकपटांत वाढली. फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर इत्यादि मंडळी नाझी राजवटीमुळें देश सोडून अमेरिकेस गेली, आणि तेथें ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या कांहीं जर्मन मंडळींनीं मुंबईची वाट धरली होती. आमच्या भांडुपच्या पश्चिमेस डोंगरांची जी रांग दिसते, तिच्या पलीकडच्या अंगास मालाड आहे. तेथें १९३४ सालीं हिमांशु राय व देविकाराणी यांनीं 'बॉम्बे टॉकीज' ही संस्था उभारली, आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायाचित्रकार योसेफ विर्शिंग यांना तेथें कामास आणलें. १९३९ सालीं युद्ध पेटतांच इंग्रज सरकारनें त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलें. तरी त्यांच्या हाताखालीं तयार झालेली मंडळी मागें राहिलीच होती. आणि युद्धानंतर विर्शिंग परत कामावर येऊन त्यांनीं १९४९ च्या 'महल' चित्रपटाचें छायालेखन केलें. एकाच समईच्या दोन वाती दोन खंडांत जळत होत्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि आमची स्वतःची समई त्याहूनही जुनी आहे. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें असल्यामुळें या ठिकाणीं शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकामुळें तें कथानक मराठी घरांस परिचित आहे. उज्जयिनीची रात्र, काळोखांत वसंतसेनेचा पाठलाग करणारा शकार, जुगाराच्या अड्ड्यांतून पळालेला ऋणको, भिंतीस भगदाड पाडणारा शर्विलक, आणि न केलेल्या खुनासाठीं न्यायासनापुढें उभा असलेला चारुदत्त. पुरावा सगळा खोटा, पण एकमेकांस जुळणारा. वध्यभूमीकडे नेलेल्या त्या निरपराध ब्राह्मणाचे प्राण शेवटीं वांचतात ते एका गणिकेच्या येण्यानें. फ्रेंच टीकाकारांनीं नांव देण्याच्या कित्येक शतकें आधीं काळोखाचें हें नाटक आमच्याकडे रंगभूमीवर होऊन गेलें होतें.

आतां नलिनीबाईंच्या चरित्राकडे वळूं. ज्या पिढींत त्या वाढल्या, त्या पिढीच्या घरंदाज मुलींस पडद्याची वाट अगदींच बंद नव्हती. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत श्रीमती दुर्गा खोटे यांनीं तारामतीचें काम करून ती वाट मोकळी केली होती, आणि पदवीधर असलेल्या श्रीमती लीला चिटणीस 'बॉम्बे टॉकीज'च्या नायिका झाल्या होत्या. तथापि वाट मोकळी असणें निराळें आणि त्या वाटेनें आपली मुलगी जाऊं देणें निराळें. नलिनीबाई पडद्यावर आल्या तेव्हां त्यांचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें. १९४१ या एकाच वर्षीं त्यांचे 'राधिका', 'निर्दोष' आणि मेहबूब खान यांचा 'बहन' असे तीन चित्रपट आले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणें आपलीं गाणीं त्यांनीं स्वतःच म्हटलीं. 'निर्दोष'मध्यें त्यांचे नायक मुकेश होते. पुढें पार्श्वगायक म्हणून ज्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें, ते हेच मुकेश.

'राधिका' आणि 'निर्दोष' यांचे दिग्दर्शक वीरेंद्र देसाई हे 'सागर मूव्हिटोन'चे चालक चिमणलाल देसाई यांचे पुत्र. त्यांच्याशीं नलिनीबाईंचा विवाह झाला. हा विवाह टिकला नाहीं. कांहीं वर्षांतच दोघें विभक्त झालीं. उमेदीच्या वर्षांत काम थोडें झालें, आणि विशीच्या आरंभींच या बाईस आयुष्य पुन्हां प्रथमपासून मांडावें लागलें. त्या काळीं घटस्फोटित स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीनें पाहात असे, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगणें नलगे. त्यांतून ती नटी! परंतु ज्या धंद्यास लोक नांवें ठेवीत, त्याच धंद्यानें तिला स्वतःच्या पायांवर उभें केलें, हेंही तितकेंच खरें.

१९४८ सालीं 'अनोखा प्यार'मध्यें दिलीपकुमार व नर्गिस यांच्या जोडीनें त्या दिसल्या, आणि १९५० सालीं त्यांचें भाग्य उघडलें. त्या वर्षीं 'फिल्मिस्तान'चा 'समाधि' आला. आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील या चित्रपटांत इंग्रजांसाठीं हेरगिरी करणाऱ्या दोन बहिणींपैकीं एकीची भूमिका त्यांनीं केली. शत्रूच्या गोटांतील ही मुलगी सेनेंत गेलेल्या तरुणावर मन जडवून बसते, आणि कर्तव्य कोणतें व द्रोह कोणता हेंच तिला उमगेनासें होतें. चित्रपट त्या वर्षींच्या सर्वांत अधिक चाललेल्या चित्रपटांपैकीं ठरला.

त्याच वर्षीं 'बॉम्बे टॉकीज'चा 'संग्राम' आला. याचे दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. यांनींच १९४३ सालीं 'किस्मत' काढून चोराला नायक केलें होतें, आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या एका चित्रगृहांत तीन वर्षांहून अधिक काळ चालला होता. परंतु 'किस्मत'मधील चोर शेवटीं सुधारतो; 'संग्राम'मधील नायक सुधारत नाहीं. आईवांचून वाढलेला, बापाच्या लाडानें बिघडलेला पोलीस अधिकाऱ्याचा हा मुलगा एकेक पायरी खालीं उतरत जातो, आणि अखेरीस बापाच्याच गोळीस बळी पडतो. अशोककुमार यांनीं तो रंगविला, आणि त्याच्यावर जीव लावणाऱ्या तरुणीचें काम नलिनीबाईंनीं केलें. हें काम वरवर पाहतां सोपें. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याचीच भीति वाटूं लागते, तो क्षण पडद्यावर दाखविणें अवघड असतें. नलिनीबाईंचे डोळे मोठे व बोलके होते. आनंद आणि धास्ती हीं दोन्ही एकाच वेळीं त्यांत उभीं राहूं शकत, आणि काळोखाच्या चित्रपटास नेमकी हीच शक्ति हवी असते.

१९५१ सालीं कारदार यांचा 'जादू' आला. रीटा हेवर्थ यांच्या १९४८ च्या 'द लव्हज ऑफ कार्मेन' या चित्रपटावरून तो घेतलेला. 'गिल्डा'ची नटी तिकडे जी कार्मेन झाली, ती इकडे नलिनीबाईंनीं भटक्या टोळींतील नर्तकीच्या रूपानें उभी केली. पुढील सहा-सात वर्षें त्यांच्या कामाचा ओघ चालू राहिला. दिलीपकुमार यांच्याबरोबर 'शिकस्त' (१९५३), फाळणीच्या होरपळीनें देवावरचा विश्वास उडालेल्या तरुणाची कथा सांगणारा 'नास्तिक' (१९५४), सुनील दत्त यांचा पहिला चित्रपट 'रेल्वे प्लॅटफॉर्म' (१९५५), देव आनंद यांच्याबरोबर 'मुनीमजी' (१९५५), आणि अशोककुमार यांच्याबरोबर 'मिस्टर एक्स' (१९५७) हे त्यांतले कांहीं होत.

परंतु नलिनीबाईंचें नांव टिकेल तें १९५८ च्या 'काला पानी'मुळें. 'नवकेतन' संस्थेच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक राज खोसला. कथा ए. जे. क्रोनिन यांच्या १९५३ सालच्या 'बियॉण्ड धिस प्लेस' या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली. बाप मेला असें ज्यास लहानपणापासून सांगितलें गेलें, अशा एका तरुणास कळतें कीं बाप जिवंत आहे, आणि एका नायकिणीच्या खुनाबद्दल हैदराबादच्या तुरुंगांत जन्मठेप भोगीत आहे. बाप निर्दोष आहे हें सिद्ध करण्यास मुलगा निघतो. जुने साक्षीदार शोधतो. प्रतिष्ठित माणसें तोंड फिरवितात, कारण जुनें असत्य त्यांच्या प्रतिष्ठेच्या पायाखालचा दगड झालेलें असतें. खरा पुरावा एका नायकिणीच्या हातीं आहे. तिचें नांव किशोरी. हेंच नलिनीबाईंचें काम.

चित्रपटाची नायिका किशोरी नव्हे. ती मधुबाला यांनीं केलेली वृत्तपत्रांतील तरुण बातमीदार होय. किशोरी दुय्यम. पण कथेचा कांटा तिच्यावरच फिरतो. नायक तिच्या माडीवर येऊं लागतो तो प्रेमाचें सोंग घेऊन. त्याला ती नको असते, तिच्याजवळचा पुरावा हवा असतो. येथें वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. बापावरील असत्य धुऊन काढावयास निघालेला हा सत्यान्वेषी तरुण, ज्या एका व्यक्तीजवळ सत्य आहे तिच्याशींच असत्य वागतो. आणि त्याला त्यांत फारसें वावगें वाटत नाहीं, कारण ती नायकीण आहे. प्रेक्षकांसही तें वावगें वाटत नाहीं. पण नलिनीबाईंनीं तें आपल्याला वाटावयास लावलें.

आरंभीं त्यांची किशोरी हंसते, चिडविते, मैफलींत बसलेल्यांस खेळविते. सचिनदेव बर्मन यांची चाल आणि आशाबाई भोसले यांचा आवाज यांवर त्यांनीं केलेला मैफलीचा प्रसंग आजही लोक आवडीनें पाहतात. त्या हंसण्यांत धंद्याची पारख आहे. पुरुषांची नियत तिला दारांतच कळते. अशी ही जाणती बाई एका माणसाच्या बाबतींत मात्र पारख विसरते. आणि आपल्यावरील प्रेम हें सोंग होतें असें तिला जेव्हां कळतें, तेव्हां नलिनीबाई आकांडतांडव करीत नाहींत. चेहऱ्यावरचें हंसूं जातें, आणि त्या जागीं इतक्या वर्षांचा थकवा दिसूं लागतो. एवढें होऊनही ती शेवटीं पुरावा देते. जी प्रतिष्ठितांनीं दिली नाहीं ती साक्ष, ज्यानें फसविलें त्याच्याच बापासाठीं, ही बाई देते.

वसंतसेनेशीं किशोरीचें साम्य वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. दोघीही गणिका, दोघींच्या हातीं एका निरपराध पुरुषाची सुटका. पण एक भेद आहे, आणि तो आम्हांस फार बोंचतो. शूद्रकाच्या नाटकाच्या अंतीं नवा राजा वसंतसेनेस 'वधू' ही पदवी देतो. समाज तिला उंबऱ्याच्या आंत घेतो. 'काला पानी'च्या अंतीं नायक बातमीदार तरुणीबरोबर सुखाच्या मार्गास लागतो, आणि किशोरी जेथें होती तेथेंच राहते. विसाव्या शतकांतील आम्ही सुधारलेले लोक या एका बाबतींत शूद्रकाच्याही मागें पडलों, असें म्हणणें प्राप्त आहे.

या कामाबद्दल नलिनीबाईंना सहायक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. नायक देव आनंद यांनाही त्याच चित्रपटासाठीं पारितोषिक मिळालें. परंतु त्यानंतर जोगीं कामें त्यांस फारशीं लाभलीं नाहींत. पडद्यावर नायकाचें वय वाढलें तरी चालतें, नायिकेचें चालत नाहीं. नट प्रभुदयाल यांच्याशीं त्यांनीं दुसरा विवाह केला होता, आणि तो संसार अखेरपर्यंत चालला. १९६५ च्या 'बॉम्बे रेसकोर्स'नंतर त्या पडद्यावरून जवळजवळ निवृत्तच झाल्या. अधूनमधून आल्या त्या चरित्रभूमिकांत. १९८३ च्या 'नास्तिक'मध्यें त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. एकोणतीस वर्षांपूर्वीं याच नांवाच्या चित्रपटांत त्या नायिका होत्या.

त्यांचें घर चेंबूरच्या युनियन पार्क भागांत होतें. भांडुपहून कुर्ल्यास जाऊन गाडी बदलली कीं चेंबूर. तासाभराची वाट नव्हे. 'संग्राम'चे नायक अशोककुमार हेही त्याच भागांत राहात. २००१ सालीं प्रभुदयाल गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अशोककुमारही गेले. त्यानंतर नलिनीबाई एकट्या राहिल्या. लोकांत जाणें-येणें जवळजवळ थांबलें. डिसेंबर २०१० मध्यें, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्या घरांतच त्यांचा अंत झाला. त्या गेल्याचें शेजाऱ्यांना व वृत्तपत्रांना तत्काळ कळलें नाहीं; कांहीं दिवस लोटल्यावर वार्ता बाहेर आली, आणि मग जुन्या चित्रांसह चार ओळी छापल्या गेल्या. पडद्यावर जिनें दुसऱ्यासाठीं साक्ष दिली, तिच्या स्वतःच्या मरणास साक्षी कोणी नव्हता.

येथें कोणास दोष देणें सोपें आहे. तें आम्ही करणार नाहीं. एकान्त कांहींजण स्वतः होऊन पत्करतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. शेजाऱ्यांच्या मनांत काय होतें, हें परक्यानें ठरवूं नये. परंतु ही गोष्ट केवळ एका नटीची आहे असें समजून पान उलटणेंही योग्य होणार नाहीं. भांडुपच्या ज्या चाळींत पूर्वीं कोणाच्या घरीं आज दूध उतूं गेलें हें चार बिऱ्हाडांस ठाऊक असे, त्या चाळींच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या आहेत, आणि समोरच्या दारावरील पाटीपलीकडे समोरच्याची माहिती नसते. आमच्या एकत्र कुटुंबांचीही मुलें परदेशीं जाऊन पाखरांप्रमाणें पांगत आहेत. आज ज्या घरांत दहा माणसांचें पान मांडलें जातें, त्या घरांत उद्यां एक वृद्ध आई किंवा काकू एकटी राहणारच नाहीं, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणूं शकेल?

म्हणून आमची वाचकांस दोन गोष्टींची विनंती आहे. 'काला पानी' हा चित्रपट एकदां घरांतील सर्वांनीं मिळून पाहावा, आणि गाणें संपलें म्हणून मधूनच उठूं नये. किशोरी पुरावा देते तो प्रसंग संपेपर्यंत बसावें, व तिचें काम करणाऱ्या बाईचें नांव मुलांस सांगावें. दुसरी गोष्ट याहून सोपी. आपल्या मजल्यावर जी कोणी आजीबाई एकटी राहात असेल, तिच्या दाराची घंटा आठवड्यांतून एकदां वाजवावी. निमित्त वाटीभर साखरेचें असो, नाहींतर वर्तमानपत्राचें असो. तिनें दार उघडलें, दोन शब्द बोलली, म्हणजे आपली साक्ष झाली.